एकशे सव्वीस नंबरचा संपर्क

नाही नाही, घर हेच, चुकीच्या दारात नाही आलात — पण ते घरात नाहीत. चष्म्याच्या दुकानात गेलेत, काचा बदलून घ्यायला, येतील तासाभरात. बसा. तिथे नको, त्या खुर्चीत माणूस डावीकडे कलतो, इथे खिडकीपाशी बसा. आणि तो कागद असा छातीशी धरून बसू नका, मी काही हिसकावून घेत नाही. रेडिओच्या स्पर्धेच्या समितीकडून आलात म्हणालात ना? म्हणजे लॉग, त्या संपर्काच्या वह्या तपासणारे. मला आधी वाटलं सोसायटीचेच कोणीतरी तक्रार घेऊन आले — गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत आम्हाला, वर्षानुवर्षं भांडण चाललंय, म्हणून तर ह्यांचा सगळा रेडिओ गाडीत. घरात नुसती पुस्तकं आणि ट्रॉफ्या. त्या बघा कपाटावर. चालत्या गाडीच्या गटात सलग चार वर्षं पहिला नंबर. जिंकतात हे, पुसते मी.

तर विचारा काय विचारायचंय. मला म्हणजे मलाच — गाडीत दोघंच असतो आम्ही, हे शेजारी बसून मोर्सची टकटक करतात आणि गाडी मी चालवते. चौदा वर्षं. ह्यांना गाडी चालवताच येत नाही, टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं, कायम खात्याची जीप आणि खात्याचा ड्रायव्हर. मी बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. चौदा पोरं एकदम बोलत असताना ज्या बाईने रस्त्यावर नजर ठेवलीय तिला एका नवऱ्याची टकटक काय जड आहे? नियम मला समजावू नका हो, मला पाठ आहेत. सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. जितक्या स्टेशनांशी संपर्क तितके गुण. आणि गाडीवाल्यांनी जिल्हा ओलांडला की तीच स्टेशनं परत नव्याने मोजायची, म्हणून दिवसभरात आठ जिल्हे पकडायचे, हद्दीची पाटी गेली की मी सांगायचं "गेली" आणि ह्यांनी सुरू करायचं. प्रत्येक संपर्काला चढता नंबर द्यायचा, तो समोरच्याने लिहायचा, त्याचा आपण लिहायचा, आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या तुमच्याकडे. तुम्ही जुळवत बसणार. बरोबर?

एकशे सव्वीस. हं. दोघांना दिलाय. एकाच्या वहीत दोन वाजून सतरा मिनिटांनी आणि दुसऱ्याच्या वहीत दोन एकतीसला, आणि आमच्या वहीत फक्त दोन एकतीसचा. म्हणजे दोन सतरावाल्याने एक तर चुकीचं ऐकलं किंवा घरबसल्या लिहून टाकलं — असं तुम्हाला वाटतंय. आणखी कोणी ऑपरेटर होता का गाडीत? नाही हो. सांगितलं ना, दोघंच. ते आणि ड्रायव्हर. मागच्या सीटवर बॅटरी, पाण्याचा कॅन आणि डबा. स्टेशन कुठलं म्हणालात ते? वाचा बरं परत. सावकाश वाचा.

ते होय. ते मास्तर.

म्हणजे मी मास्तर म्हणते. हे म्हणतात. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले ते — आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात शिरलो आणि कोणीतरी बोलावलं, तिसऱ्यात शिरलो, परत तेच, चौथ्यात परत तेच. दिवसभर आमच्या मागावर. त्यांची कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं नाव, मला तोवर कानाने ओळखू यायला लागली होती, नुसती चाल म्हणून, गाणं ओळखावं तशी. मी विचारलं, अहो हा कोण, दर हद्दीला हजर असतो? तर म्हणाले, आहे एक निवृत्त मास्तर. एकटाच असतो. घरी बोलायला कोणी नाही. आणि मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू तुम्हाला. एवढा म्हातारा माणूस, बारा तास कानाला हेडफोन लावून आमची वाट बघतो. तेव्हापासून दर वर्षी मी सांगायची, मास्तरांना माझा नमस्कार पाठवा. आणि हे पाठवायचे. निदान काहीतरी टकटक करायचे, मग तिकडून टकटक यायची, मग म्हणायचे, मास्तरांनीही नमस्कार सांगितलाय. मागच्या वर्षी तर मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघे दुखतात असं ह्यांनीच सांगितलं होतं. तेल लावायला सांगा म्हटलं, गरम करून. हसू नका. हसा, हसा, हसण्यासारखंच आहे.

एकदा मी म्हटलंसुद्धा — तुम्ही लोक म्हणता ना, प्रत्येकाचा हात वेगळा असतो, जसं ज्याचं त्याचं अक्षर — मी म्हटलं, मास्तर शेवटची रेघ जरा ओढतात, आपल्या त्याच्यासारखी. आपला तो म्हणजे आमचा मुलगा. एकच आहे. ह्यांनीच त्याला मोर्स शिकवलं, आठ-नऊ वर्षांचा असताना, जेवणाच्या टेबलावर, चमच्याने ताटलीवर. डोकं उठायचं माझं. पहिला निरोप काय पाठवला असेल त्याने? "भाजी नको." आणि शेवटचा ठोका असा लांबवायचा की ताटली वाजतच राहायची. तर मी म्हटलं, मास्तर आपल्या त्याच्यासारखी रेघ ओढतात. आणि हे वहीत लिहिता लिहिता, मान वर न करता — मान वर न करता हं — म्हणाले, जुनी माणसं तशीच पाठवतात.

मुलगा कुठे असतो? माहीत नाही. म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे अजूनही — थांबा, पाणी देते तुम्हाला.

घ्या. सात वर्षं झाली त्याला घर सोडून. चूक माझी. मी कोणाजवळ कबूल करत नाही, तुमच्याजवळ का करतेय कोण जाणे, तुमच्या हातात तो कागद आहे म्हणून असेल. त्याला लग्न करायचं होतं, एका बाईशी, तिला आधीची पाच वर्षांची मुलगी. मी ओळखत होते दोघींना. ती मुलगी माझ्याच व्हॅनमध्ये यायची, पुढच्या सीटसाठी रोज भांडायची, आणि आई फाटकाशी उभी. तिथेच तर ओळख झाली त्यांची, मला ताप होता तेव्हा हा आठवडाभर व्हॅन घेऊन गेला होता. मी काय बोलले ते नाही सांगत. सांगते. मी त्याला दारात उभं करून म्हटलं, मी दुसऱ्यांची पोरं गाडीत बसवते, घरात नाही. ती मुलगी खाली व्हॅनमध्येच बसली होती, काच उघडी. तिने ऐकलं की नाही देव जाणे, त्याने ऐकलं. तो गेला. गेला तो गेलाच. नोकरी बदलली, गाव बदललं, फोन बदलला.

माझा राग किती टिकतो? महिनाभर. आमच्या घरात विचारा कोणालाही — म्हणजे आहेच कोण आता विचारायला. महिन्याने मी ह्यांना म्हटलं, शोधा त्याला, मी चुकले, मी त्या पोरीची माफी मागते, शोधा. टेलिफोन खात्यातला माणूस, कुठल्याही गावातल्या कुठल्याही माणसाचा नंबर चहा पिता पिता काढून द्यायचा. मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या लाइनी जोडून दिल्या ह्यांनी. ते म्हणाले, शोधतो. मग म्हणाले, लागत नाही. मग म्हणाले, पत्र परत आलं. दाखवलं नाही, मीही बघायला मागितलं नाही — नवरा सांगतोय परत आलं तर आलं. वर्षातून दोनदा-तीनदा मी विषय काढायची, हे खांद्यावर हात ठेवायचे. म्हणायचे, धीर धर. मी धीर धरला. मूर्खासारखा धरला.

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा एकशे सव्वीसशी काय संबंध. सांगते ना. यंदाच्या स्पर्धेच्या आधी — हे ह्यांना माहीत नाही बरं का, अजून माहीत नाही — मी मोर्स शिकले. शिकले म्हणजे काय, मुद्दाम नाही. चौदा वर्षं कानाशी वाजतंय, किती दिवस नुसतं वाजणार? आधी आमची कॉलसाइन कळायला लागली, मग आकडे, कारण आकडे सारखे सारखे येतात, मग जिल्ह्यांची अक्षरं. बाकी अक्षरं मी त्या जुन्या पुस्तकातून उचलली, दुपारी, हे झोपले की. म्हटलं गंमत करू. ह्यांच्या साठाव्या वाढदिवसाला गाडीत एकदम म्हणायचं, अहो, त्याचा नंबर चुकीचा लिहिलात, बेचाळीस नाही, बावन्न. तोंड बघण्यासारखं झालं असतं.

पाचव्या जिल्ह्यात शिरताना तो लांब पूल लागतो. एकच लेन, मागे ट्रक, पुढे ट्रक, थांबायला जागा नाही. मी म्हटलं "गेली". ह्यांनी बोलावलं, आणि मास्तर आले. नंबर दिला, नंबर घेतला, आणि मग — नेहमीसारखी — थोडी जास्तीची टकटक. आमच्या नमस्काराची. अक्षरं इंग्रजी आणि भाषा आपली, म्हणून मला आधी लागेचना, मी इंग्रजी शोधत होते. आणि मग लागली. "आई कशी आहे." शेवटची रेघ ओढून. आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने, त्याच हाताने, ज्या हाताने सकाळी मला थर्मासचं झाकण उघडून दिलं होतं — पाठवलं, "तशीच. नाव काढू देत नाही."

तशीच. नाव काढू देत नाही.

आणि मला म्हणतात, मास्तरांनी नमस्कार सांगितलाय.

मी गाडी सरळ चालवली. विचारू नका कशी. पूल संपेपर्यंत आरशात मागचा ट्रक बघत होते, पूल संपला तसा इंडिकेटर दिला, लेन बदलली. बावीस वर्षांची सवय, आतमध्ये काहीही होवो, हात आपलं काम करतात. त्याच दिवशी पहाटे डबा भरताना मी म्हटलं होतं, कुठे असेल हो तो, जेवला असेल का, आणि हे म्हणाले होते, देवाला माहीत. देवाला. सहा वर्षं दर हद्दीला विचारत होता पोरगा, वर्षातून सात-आठ वेळा, माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या डाव्या कानाशी — आई कशी आहे, आई कशी आहे — आणि मी गिअर बदलत होते. मी त्याच्या गुडघ्यांना तेल सुचवत होते.

का केलं असेल? हेच तीन आठवडे मला खातंय. फोनवर का नाही बोलले? तर ते कळलं मला, बसून विचार केल्यावर. फोनवर आवाज असतो. आवाजावरून पोरगा ओळखतो बाप खोटं बोलतोय. टकटकीला आवाज कुठला? आणि खोटं कशासाठी? तर तो लहानपणापासून माझा. पडला की माझ्याकडे, जिंकला की माझ्याकडे, ह्यांच्याकडे फक्त ताटली वाजवायला. माझ्याशी भांडून गेला आणि ह्यांना मिळाला. पूर्ण मिळाला. वर्षातून एक दिवस का होईना, कोणाशी वाटून घ्यावा लागत नव्हता. मी सुधारले हे सांगितलं असतं तर तो घरी आला असता, आणि घरी आला असता तर परत माझ्या स्वयंपाकघरात बसला असता. म्हणून मी तशीच. मी कायमची तशीच. दुसऱ्या बाईचं वगैरे असतं ना, तर मी भांडले असते, चार भांडी आपटली असती. हे कुठे आपटू?

बोलले नाही. अजूनही नाही. सहाव्या जिल्ह्यात पेट्रोल पंप लागला, हे उतरले — पोटाचं जरा असतं त्यांचं, वेळ लागतो. सेट चालू. आणि मास्तर — मास्तर कसले — तो आला. आमची कॉलसाइन हाक मारल्यासारखी दोनदा. मी ते टकटकीचं यंत्र ड्रायव्हरच्या सीटकडे ओढून घेतलं. ऐकता येणं वेगळं आणि पाठवता येणं वेगळं हो, माझं बोट लाकडाचं झालं होतं. पण पोपटासारखं सगळं बरोबर केलं, बघा तुमच्या कागदावर — जिल्हा बरोबर, नंबर बरोबर, वहीत शेवटचा एकशे पंचवीस होता, मी एकशे सव्वीस दिला. वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे, तेच आधी बाहेर पडलं. आणि मग पाठवलं, "मी आई." किती वेळ लागला असेल एवढ्याला? मला वाटतं अर्धा मिनिट. मग आलं — भरभर, रेघबीघ न ओढता — "बाबा, ही थट्टा करू नका."

मी काय पाठवणार होते? "थट्टा नाही" एवढं तरी. "थ"साठी कुठली अक्षरं तेच आठवेना. आणि काचेतून हे येताना दिसले, हात पुसत. मी यंत्र होतं तिथे ढकललं. वहीत लिहिलं नाही. हे बसले, कान लावला, पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कोणालातरी तोच एकशे सव्वीस दिला. आणि संध्याकाळपर्यंत दोनतीनदा म्हणाले, मास्तर ह्या जिल्ह्यात आलेच नाहीत, पुढेही नाहीत, कमाल आहे. मी म्हटलं, झोपले असतील. म्हातारा माणूस.

म्हणजे आता कळलं तुम्हाला दुसरा ऑपरेटर कोण. परवाना नाही माझ्याकडे, माहीत आहे मला. बिनपरवान्याचं बोट लागलं की ह्यांचा अख्खा लॉग बाद, वर चौकशी, परवाना जाईलसुद्धा. म्हणून तुम्ही म्हणताय — नाही, मला कळतंय तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय — की काही बोललो नाही असं धरू, दोन सतराचा संपर्क समोरच्याची चूक म्हणून काढून टाकू, त्याचे गुण कापू, आमचा पहिला नंबर पाचव्या वर्षीही तसाच. हो. सगळ्यांच्या सोयीचं आहे. ह्यांनी काय केलं, वेगळं काय केलं? सोयीचंच केलं.

पण मग त्याने हा लॉगमध्ये घातला कशाला? त्याला थट्टा वाटली होती. थट्टा कोणी लिहून ठेवतं का? दाखवा मला. नाही, दाखवा. नियम असेल तर पत्त्यावर हात ठेवा, पत्ता नको मला, ती ओळ तेवढी दाखवा.

ऑपरेटरच्या रकान्यात काय आहे ते? आमच्या बाकी सगळ्या ओळींमध्ये ह्यांची कॉलसाइन आहे. आणि ह्या एका ओळीत.

तुम्ही हे मघापासून छातीशी धरून बसला होतात.

नाही, रडत नाही. मला जरा — खिडकी उघडा ती.

"आई" असं लिहिलंय. इंग्रजीत लिहिलंय, तीनच अक्षरं. त्याने नंतर ओळखलं असणार. बाप असा अडखळत पाठवत नाही. अर्धा मिनिट दोन शब्दांना. ओळखलं आणि लिहून तुमच्याकडे पाठवून दिलं, दुसरं कुठे पाठवणार, घरचा दरवाजा तर मीच — बरं.

तुमच्याकडे खुलाशाचा फॉर्म असेल. काढा. आणि निकालाचं पत्र दोन्ही स्टेशनांना जातं, खुलाशासकट, जसंच्या तसं? नक्की? मग लिहा. माझं अक्षर आत्ता लागणार नाही, तुम्ही लिहा, सही मी करते. संपर्क खरा आहे. यंत्र मी चालवलं, माझ्याकडे परवाना नाही, परवाना ज्यांचा आहे त्यांना कल्पना नव्हती. दोन सतराच्या स्टेशनाची काही चूक नाही, त्याचे गुण कापू नयेत. लिहिलंत? आमचा लॉग बाद करावा. हो हो, बाद करावा असंच लिहा, माझी काही हरकत नाही, ट्रॉफी पुसायला एक कमी. आता पुढे लिहा — आई तशी राहिलेली नाही. घर सोडलंस त्याच्या पुढच्या महिन्यापासून नाही. तुला खोटं कळवलं गेलं, आणि मलाही. लिहा ना, थांबलात का? खुलाशात काय लिहायचं ते खुलासा देणाऱ्याने ठरवायचं असतं. आणि मुलगी आता बारा वर्षांची असेल, तिला सांग, पुढची सीट — नाही, ते खोडा. ते मी समोरासमोर सांगेन. माझा फोन नंबर लिहा. माझा, ह्यांचा नाही. आकडे नीट काढा, साताला आडवी रेघ देऊ नका.

आणा, सही करते.

खाली फाटक वाजलं. तेच असणार. नाही, चहाला थांबू नका, मी करणारही नाही. कागद पिशवीत ठेवा, घडी न घालता. जिन्यात गाठ पडली आणि त्यांनी काही विचारलं तर सांगा, खुलासा मिळाला. कोणी दिला ते मी सांगते. निघा तुम्ही.